फीड लावा म्हणे!

आज संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. विषय नवी वेबसाइट. डोमेन आपलं, होस्टिंग आपलं, साइट बनवायचं वर्डप्रेस सॉफ्टवेअर फुकट, इथपर्यंत सगळं गोडीत चाललेलं. मग कोटेशनमधली एक ओळ वाचली गेली. ‘होमपेजवर इन्स्टाग्राम फीड, वार्षिक शुल्क वेगळे.’ म्हणजे इन्स्टावर टाकलेले फोटो साइटवर आपोआप दिसत राहणार. माना डोलल्या! का, तर म्हणे ‘साइट लाइव्ह वाटते’. दिवाळी अंकांच्या खरेदीला दरवर्षी हात आखडता घेणारी हीच मंडळी बरं का. मी तोंड उघडलं तर उत्तर आलं, “ताई, हा टेक्निकल विषय आहे.”

बरं. मग इथे बोलते.

माझ्या मावशीचा आंजर्ल्याला होमस्टे आहे. तिची साइट शहरातल्या कुणा एजन्सीने करून दिली. खाली ठसठशीत शीर्षक, ‘आमच्याकडचे आनंदाचे क्षण’, आणि त्याखाली तिच्या इन्स्टावरचे ताजे फोटो आपोआप येणार. उकडीचे मोदक, कड्यावरचा गणपती, अंगणातली सुपारी. छानच दिसायचं. मग मावशीचे थोरले दीर गेले. मुलाने हार घातलेला फोटो इन्स्टावर टाकला, आपण सगळेच टाकतो तसा. झालं, ‘आनंदाचे क्षण’मध्ये पहिला चौकोन ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा, आणि त्याच्या खाली पिवळं बटण, ‘आत्ताच बुक करा’. ऐन नाताळच्या सीझनला. मावशी स्वतःची साइट कशाला उघडून बघतेय!

फोटो इन्स्टावर कशासाठी टाकला आणि साइटवर तो कशाखाली जाऊन बसला, हे फीडला कळत नाही. त्याला ताजा फोटो तेवढा कळतो. आपल्या वाचनालयाचं इन्स्टा कोण चालवतं? दोन कॉलेजची पोरं. गुणी आहेत, पण परवा त्यांनी क्रिकेटचं मीम टाकलं होतं. ते आता ग्रंथपालांच्या मनोगताशेजारी झळकणार.

आणि ‘टेक्निकल’ म्हणालात ना, तर ऐका. साइटला इन्स्टावरचे फोटो ओढायला टोकन, म्हणजे एक डिजिटल परवाना, लागतं. ते 60 दिवस चालतं. मुदतीआधी त्याचं नूतनीकरण झालं नाही की फीड बंद. साध्या वैयक्तिक खात्यावरचे फोटो आणायची जी अधिकृत सोय होती, बेसिक डिस्प्ले एपीआय, ती कंपनीने 4 डिसेंबर 2024 ला बंदच केली. आता बिझनेस किंवा क्रिएटर खातंच हवं. त्याआधी ऑक्टोबर 2020 मध्ये, वर्डप्रेसमध्ये नुसती लिंक चिकटवून पोस्ट दाखवायची सोय गेली. दुसऱ्याच्या विहिरीवर मोटर बसवायची आणि वर त्याचं वार्षिक शुल्क भरायचं! 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉक बंद केलं, तेव्हा ज्यांनी साइटवर तिथले व्हिडिओ लावले होते त्यांच्या पानांवर काय उरलं? ऑर्कुट आठवतंय का कुणाला?

हो, फीड नसेल तर आपल्याकडे साइटला वर्षभर कुणी हात लावत नाही, हे खरं. पण तो आपला आळस.

आता लिहिताना आठवलं. तो हारातला फोटो बघून मावशीला नाशिकहून एका जुन्या पाहुण्यांचा फोन आला होता. बुकिंगसाठी नाही. काकांनी कधीतरी त्यांच्या मुलांना पहाटे खाडीवर नेऊन पक्षी दाखवले होते म्हणे. तो माणूस फोनवर रडला. फीड नसतं तर त्याला कळलंही नसतं. हे मला नाकारता येत नाही, आणि त्याचा थोडा रागही येतो. मावशी मात्र शांतपणे म्हणाली, “अगं, त्यांना कळलं ते बरंच झालं. पण फोटो तिथे मी लावला नव्हता ना.”

मला एवढंच म्हणायचंय. लावायचा तर आपण लावू या. आधी आपल्या साइटवर, मोबाइलमधला मूळ मोठा फोटो. इन्स्टा तो लहान करून ठेवतं. खाली दोन ओळी की व्याख्यान कुणाचं, साल कोणतं, खुर्चीवर बसलेले गृहस्थ कोण. म्हणजे दहा वर्षांनी कुणी शोधलं तर सापडेल. मग त्याची लिंक इन्स्टावर टाका, फेसबुकवर टाका, नाचवा कुठेही. आणि वाचनालयाची वेळ बघायला आलेल्या आजोबांनी पान उघडताक्षणी त्यांच्या ब्राउझरने आधी परदेशी कंपनीला हजेरी का द्यावी? फीड दाखवणाऱ्या बऱ्याच विजेटमध्ये, म्हणजे साइटवर बसवायच्या आयत्या तुकड्यांमध्ये, नेमकं तेच होतं. (वाचकाने कोणतं पुस्तक नेलं हे आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही!)

वर्डप्रेसमध्ये गॅलरीचा ब्लॉक आयता आहे, एक पैसा लागत नाही. दर महिन्याचे फोटो मी चढवते, ओळीही मीच लिहिते. त्या वार्षिक शुल्कातून बालविभागाला पुस्तकं घ्या, तिथली निम्मी शिवणीतून सुटली आहेत. कार्यकारिणीतले जे कुणी हे वाचताय, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे, त्यांनी कोटेशनमधली ती ओळ खोडा आणि साइटचा पासवर्ड कोणाकडे असणार आहे तेवढं उद्यापर्यंत कळवा.