माळावर झाडं लावून विहिरी भरत नाहीत

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरतो: "उजाड माळ म्हणजे पडीक जमीन. झाडं लावा, पाऊस वाढेल, विहिरी भरतील, माती वाहणार नाही. मेंढरांना बंदी घाला." पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण या सल्ल्याने माळांचं नुकसान होतंय.

'पडीक' हे पहिलं चुकीचं. सोलापूर, बारामती, सासवडकडे मुरमावर वीतभर माती आणि बेताचा पाऊस. तिथे कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं हेच मूळचं रान. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ग्रंथांतले, ओव्यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा बहुतेक वनस्पती उघड्या माळावरच्याच निघाल्या. म्हणजे 'पूर्वी इथं घनदाट जंगल होतं' हे गृहीतच डळमळीत आहे.

पाऊस वाढेल? या पट्ट्यात पाऊस कमी पडतो तो सह्याद्रीच्या आडोशामुळे. गावच्या टेकडीवरची हजार रोपं ते बदलू शकत नाहीत.

आता विहिरी. झाड पाणी मुरवतं तसं पितंही, आणि गवतापेक्षा खोलवरून, बारा महिने. दक्षिण आफ्रिकेत मोकोबुलान इथे १९६९ मध्ये गवताळ पाणलोटात निलगिरी लावली. नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. सोळाव्या वर्षी झाडं तोडली, तरी तो पहिल्यासारखा वाहायला आणखी पाच वर्षं गेली. निलगिरीच हावरट, असं कुणी म्हणेल. पण शेजारचा, पाइन लावलेला ओढाही बाराव्या वर्षी आटला. आपल्याकडे उटीजवळ गवताळ पाणलोटात लावलेल्या निलगिरीने पहिल्या दहा वर्षांत वाहून येणारं पाणी १६ टक्क्यांनी घटवलं. सह्याद्रीतलं जुनं जंगल मात्र राखलंच पाहिजे. तिथला पाऊस वेगळा, माती वेगळी.

माती धरून ठेवतात ती गवताची दाट, उथळ मुळं. लागवडीसाठी जेसीबीने चर खोदताना आपण नेमकं तेच जाळं उखडतो. वर सावली दाट झाली की खालचं गवत मरतं, आणि सागासारख्या रुंद पानांवरून ओघळणारे मोठे थेंब उघड्या मातीवर आदळतात.

मेंढरांच्या बाबतीत पाणी अडवून सावरलेल्या हिवरे बाजार गावाचा दाखला हमखास दिला जातो. चराईबंदी तिथे होती, खरं आहे. पण गवत कापून न्यायला मुभा होती, आणि ऊस व बोअरवेलवर निर्बंध होते. संदेशात एवढं कुणी लिहीत नाही. अतिचराई माळ खरवडते, हे मान्यच. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरते तळ, मात्र एका जागी बसत नाहीत. पावसाळा सरला की अनेक जण कोकणात उतरतात, आणि शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं मुद्दाम बसवून घेतात. आळीपाळीने चारलेला, मधे विसावा मिळालेला माळ पुन्हा उगवतो.

झाडं लावायचीच असतील तर बांधावर, ओढ्याकाठी, घराभोवती लावा. आणि माळावर खड्डे काढायच्या आधी तिथं कोणतं गवत कधी येतं, कोण चारतं, हे तिथल्या मेंढपाळांना विचारून घ्या.