चिकाचा डाग

जमादार आबा गेले, त्यांची गंधमुक्ती परवा झाली. कट्ट्यासमोरच्या खांबाला फ्लेक्स अजून तसाच आहे. टोपीतला फोटो, खाली ‘कर्तव्यदक्ष आणि कुटुंबवत्सल’. (फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरात हे दोन शब्द तयारच असतात, फक्त फोटो बदलतो.) मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले, “पहिला शब्द कबूल. दुसरा खोटा.”

झालं. नऊला उठणारा आमचा फैजपूरचा कट्टा त्या रात्री साडेअकरापर्यंत हलला नाही.

आबा रिटायर झाले ते सहायक फौजदार म्हणून, पण गावाला ते जमादारच. नोकरीतली बरीच वर्षं डीबीत, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात गेली. साधे कपडे, खिशात छोटी डायरी. मास्तर त्यांचे भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे त्यांच्याकडे पुरावाच होता. “आखाजीला पोरगी सासरहून आली. पहिलीच आखाजी. बाप कुठं? बऱ्हाणपूरला, मोटारसायकलचोराच्या मागं. झोका कोणी बांधला? मी.” (आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय तृतीया. लेकी माहेरी येतात, त्यांच्यासाठी झोके बांधतात.)

“ड्युटी होती ना भो,” रिक्षावाला म्हणाला.

“ड्युटी सगळ्यांनाच असते.”

मग वकिलानं केळीची केस काढली. ती गावाला पाठ आहे, तरी पुन्हा ऐकली. एका रात्रीत कुणीतरी एकाच्या वावरातली सगळी केळी विळ्यानं आडवी केली होती. घड पोसायला लागलेले. वर्षभर पाणी, खत, मजुरी आणि कापायला एक रात्र! बांधावरून सख्ख्या भावाशी वाद होता, तेव्हा बोट त्याच्याकडेच. त्याच्या घरी चिकाचे डाग पडलेला सदराही सापडला. साहेब खूश.

आबांनी रात्री जेवताना हे काकूंना सांगितलं. काकू भाकर थापता थापता म्हणाल्या, “चिकाचा डाग या गावात कुणाच्या सदऱ्यावर नाही? तुमच्याच तीन बनियनवर आहे. वावरातले कपडे वेगळेच असतात. चांगल्या कपड्यावर डाग पडला, तो माणूस पहा.”

केळीचा चीक ज्यानं धुतलाय त्याला कळेल. ओला असताना दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि मग कापड फाटेल पण तो जात नाही. आबा दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्यांकडं फिरले. एकाकडं नवी पँट आली होती, ‘डाग निघतो का पहा’ म्हणून. पँटवाल्याचं केळीशी काही नातं नव्हतं, त्या शेतकऱ्याशी उसनवारीचं भांडण मात्र होतं. पुढं त्यानंच दाखवलेल्या विहिरीतून विळा निघाला.

“पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात शून्य,” वकील रंगात आला. “पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघाली, तर तेवढंच बोलणं चालतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २७. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, तेच आता कलम २३ च्या परंतुकात. आबा न चुकता पंचांना पुढं घालायचे, आपण मागं राहायचे.”

“सुटला ना पण तो?”

“सुटला. एक पंच फितूर झाला. पण भाऊ तर वाचला.”

“ते सोडा,” मास्तर म्हणाले. “अक्कल काकूंची, बक्षिसाची नोंद आबांच्या सर्व्हिस बुकात. याला कुटुंबवत्सल म्हणायचं?”

मला वाटतं, मास्तरांचा मुद्दा इथं खरा होता. पण रात्री बारा वाजता येऊनही जो माणूस बायकोपुढं अख्खा गुन्हा मांडतो आणि तिचं ऐकून सकाळी तपास बदलतो, त्याला निव्वळ घराबाहेरचा तरी कसं म्हणायचं? हे मी बोललो नाही, कारण मास्तर तापलेले होते.

रिक्षावाला मात्र बोलला. “मास्तर, अठ्ठावन्नाला रिटायर झाल्यावर दर आखाजीला आबा काय करायचे, ते तुमच्याच अंगणातून दिसतं ना?”

मास्तर गप्प.

आम्ही सगळ्यांनीच पाहिलंय. सकाळी सहालाच निंबाखाली स्टूल. आबा फांदीला दोर टाकायचे, गाठ मारायचे, स्वतः लोंबकळून ती दोनदा तपासायचे आणि फळीवर गोधडीची घडी ठेवायचे. पोरगी आता पन्नाशीची, गुडघ्यांनी हैराण. ती काही बसायची नाही. नातवंडं मोबाइलवर. झोका दिवसभर रिकामा हलायचा आणि संध्याकाळी आबा तो सोडून, दोर गुंडाळून आत न्यायचे.

मास्तरांनी रिकामा कप फळीवर ठेवला.

“दोर माझा होता तो,” ते म्हणाले. “पहिल्या आखाजीचा. परत दिलाच नाही त्यांनी.”