इंग्रजांची 'खंडणी' आणि मुरगावची रेल्वे

दूधसागर धबधब्यापुढून जाणाऱ्या गाडीचा फोटो आणि त्याखाली गोव्याच्या रेल्वेचा 'दडवलेला इतिहास' सांगणारा एक मेसेज सध्या फिरतोय. दावे असे: पोर्तुगालने ही रेल्वे स्वखर्चाने बांधली. इंग्रज गोव्याला वर्षाला 4 लाख रुपये खंडणी भरत होते. करमुक्त व्यापारामुळे गोवेकर तेव्हा चैनीत होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ही रेल्वे बुडवली. आणि 1955 मध्ये भारताने तो जुना करार मोडून गाडी बंद पाडली. शेवटी नेहमीचं पालुपद, 'शाळेत हे शिकवत नाहीत'. बरं झालं शिकवत नाहीत. माझी पुतणी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिने हे सगळं वहीत उतरवून घेतलंय आणि 'खंडणी'खाली लाल रेघ मारलीय. तोवर मी गप्प होतो.

तर आधी खंडणी. 4 लाखांचा आकडा खरा आहे, म्हणूनच तर हे खपतं. 26 डिसेंबर 1878 ला लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगालचा करार झाला. पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हो, ब्रिटनकडून त्यांचा लिस्बनमधला राजदूत रॉबर्ट मोरिअर. 15 जानेवारी 1880 पासून तो लागू झाला, मुदत 12 वर्षांची. त्याची कलमं छापील आहेत, वाचायला कुणाचीही परवानगी लागत नाही. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे जकातीचे दर गोव्यालाही लागू झाले. मिठाचं उत्पादन इंग्रजांच्या ताब्यात गेलं. दारूवर ब्रिटिश मुलखातली अबकारी पद्धत आली. म्हणजे जकात, मीठ आणि माडी, गोव्याच्या तिजोरीची तिन्ही मोठी दारं परक्याच्या हातात दिली आणि त्याची भरपाई म्हणून वर्षाला 4 लाख रुपये ठरले. याला खंडणी म्हणत असाल तर घर भाड्याने देणाऱ्यालाही सम्राट म्हणा.

आणि ते 4 लाख तरी गोव्यात राहिले का? इथे जरा हिशोब मांडू, कारण खरी गंमत त्यातच आहे. रेल्वे बांधली ती लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनीने. नावातच 'गॅरंटीड' आहे. गाडीला नफा होवो न होवो, भागधारकांना ठरलेलं व्याज देण्याची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती: पहिल्या 8 लाख पौंडांवर 5 टक्के आणि त्यापुढच्या भांडवलावर 6 टक्के. आता 8 लाखांचे 5 टक्के म्हणजे 40 हजार पौंड. जुन्या दराने, म्हणजे रुपयाला 2 शिलिंग धरून (पौंडाचे 20 शिलिंग), बरोबर 4 लाख रुपये. हा योगायोग नाही. भरपाईची रक्कम याच व्याजासाठी राखून ठेवलेली होती. कलकत्त्याच्या तिजोरीतून निघालेला पैसा गोव्याच्या खात्याला नुसता शिवून लंडनच्या भागधारकांच्या खिशात जाणार.

त्यातही चांदी घसरली, आणि रुपया होता चांदीचा. रुपयाचा भाव 2 शिलिंगांवरून, म्हणजे 24 पेन्सवरून, पडत पडत 1892 च्या सुमारास 15 पेन्सवर आला. व्याज पौंडात आणि भरपाई रुपयात! त्याच 40 हजार पौंडांना आता 6 लाख 40 हजार रुपये लागायला लागले. त्यात बांधणीचा खर्च मूळ 8 लाख पौंडांच्या कधीच पुढे गेला होता. आणि जानेवारी 1892 मध्ये कराराची मुदत संपली, तशी भरपाईही थांबली. हमी मात्र थांबली नाही. 'स्वखर्चाने बांधली' या दाव्याला वेगळं उत्तर आता द्यायला नको.

चैनीबद्दल लिहायचीच लाज वाटते. मिठागरांवर इंग्रजांच्या मीठ खात्याचे शिपाई आले आणि परवान्याशिवाय मीठ काढायची सोय उरली नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढत होतं, तो धंदा मोडला. अबकारी आल्यावर माडी काढणारे रेंदेर भरडले गेले. मुंबईत पोट भरायला गेलेल्या गोवेकरांची संख्या याच काळात फुगली, हे चैनीचं लक्षण असेल तर आम्हाला चैन कशाला म्हणतात तेच ठाऊक नाही. करार करताना यातल्या कुणाला विचारलं होतं? मोरिअरसाहेबांच्या पटावर गोवा हे एक प्यादं होतं, बाकीची आफ्रिकेत. मोरिअर-कोर्व्हो या त्याच जोडगोळीने 1879 मध्ये मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्किश बंदराचा करार केला, तिथून दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालपर्यंतच्या रेल्वेसाठी. त्यावर पोर्तुगालमध्ये इतका ओरडा झाला की तो मंजूरच झाला नाही. आणि ज्याच्या दोस्तीचे एवढे गोडवे गायले जातात, त्या ब्रिटनने जानेवारी 1890 मध्ये आफ्रिकेतल्या मुलखावरून पोर्तुगालला सरळ निर्वाणीचा खलिता धाडला.

मुंबईने गाडी बुडवली म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. मुरगाव पावसाळ्यातही जहाजांना आसरा देणारं बंदर. हुबळी-धारवाडचा कापूस तिथे उतरावा अशी कल्पना होती, आणि ती वाईट नव्हती. पण 1888 मध्ये गाडी घाटावरच्या कॅसलरॉकला, ब्रिटिश हद्दीतल्या सरहद्दीच्या स्टेशनला, पोचते न पोचते तोच तिथून पुढची ब्रिटिश मुलखातली सदर्न मराठा रेल्वे पुण्याला जोडली गेली, आणि माल मुंबईकडे वळला. यात व्यापाऱ्यांच्या कटापेक्षा दरपत्रकाचा हात मोठा. शिवाय 1892 नंतर जकातनाके परत आले. गाडी इकडे गोव्याच्या हद्दीत कुळ्याला आणि तिकडे कॅसलरॉकला थांबवायची, ट्रंका उघडायच्या, गाठोडी सोडायची. अशा वाटेने कोण व्यापारी माल पाठवेल? शेवटी 1902 मध्ये ही लाइन चालवायलाही सदर्न मराठा रेल्वेकडेच द्यावी लागली.

राहिला 1955 चा मुद्दा. तेव्हाही पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्याच्या भारताने केलेल्या नाकेबंदीत गाडी बंद झाली, हे खरं. पण जो करार 1892 लाच संपला तो 63 वर्षांनी मोडायचा कसा? पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं ते या रेल्वेसाठी नव्हे, दादरा-नगर हवेलीकडे जायच्या वाटेसाठी. आणि तिथे त्यांनी पुढे केला तो 1779 चा, पुण्याला पेशव्यांशी झालेला तह.