न्यू लॅनार्क: ओवेनच्या आधीचे गाव, ओवेननंतरची गिरणी

सहकार सप्ताह किंवा कामगार दिन जवळ आला की ब्रिटनमधला गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन याच्या चित्राखाली एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: स्कॉटलंडमधल्या एका ओसाड दरीत ओवेनने स्वतःच्या पैशाने न्यू लॅनार्क हे गाव वसवले, तिथल्या सूतगिरणीत बालमजुरी बंद केली, आठ तासांचा दिवस लागू केला, जगातले पहिले सहकारी दुकान काढले, मुलांना मोफत शाळा दिली आणि तो अमेरिकेला गेल्यावर गिरणी बुडून गाव ओस पडले. प्रत्येक विधानात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर ती इतकी वर्षे टिकली. पण लिहिली आहेत तशी ती खरी नाहीत. त्यांच्यापायी गाव उभे करणारी आणि त्या गिरणीत लहानाची मोठी झालेली माणसे मात्र पुसली जातात.

“ओवेनने गाव वसवले.” गावाचे बांधकाम सुरू झाले १७८५ मध्ये आणि पहिले सूत निघाले १७८६ मध्ये. त्या वेळी ओवेन चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि इंग्लंडमधल्या एका कापडदुकानात उमेदवारी करत होता. गाव वसवले डेव्हिड डेल याने. लहानपणी गुरे राखलेला, पुढे विणकाम शिकून ग्लासगोत तागाच्या सुताचा व्यापारी झालेला हा माणूस. सुरुवातीला सूतकताईच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेला रिचर्ड आर्कराइट त्याचा भागीदार होता, पण ती भागीदारी फार टिकली नाही. ओवेनने १७९९ मध्ये डेलच्या मुलीशी लग्न केले, त्याच वर्षी मँचेस्टरच्या भागीदारांसह ६०,००० पौंडांना गिरण्या घेतल्या आणि १ जानेवारी १८०० पासून कारभार हाती घेतला. ही रक्कमही वीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. म्हणजे “स्वतःच्या पैशाने” हेही खरे नाही.

गिरणी इथेच का आली, हे समजून घेतले तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. मुंबईत १८५० च्या दशकात गिरण्या आल्या त्या वाफेवर चालणाऱ्या. कोळसा बोटीने बंदरात उतरायचा, त्यामुळे गिरणी वस्तीजवळ काढता यायची. जलचक्रावरच्या गिरणीला तो पर्याय नव्हता, तिला पाण्याकडेच जावे लागे. लॅनार्कजवळ क्लाइड नदी एका अरुंद घळीतून धबधब्यांच्या माळेने खाली उतरते. त्यातला कोरा लिन सर्वांत मोठा, तर डनडॅफ लिन सर्वांत बुटका. नदीचे पाणी वरच्या अंगाला वळवायचे, खडकात खणलेल्या सुमारे ९० मीटरच्या बोगद्यातून काढायचे आणि पाटाने गिरण्यांच्या मागच्या बाजूला आणायचे, अशी रचना होती. पाट जवळपास सपाट चालतो आणि नदी मात्र झपाट्याने उतरते. दोन्हींच्या पातळीत जो फरक पडतो, तीच गिरणीची शक्ती. पाणी चक्रावर पडते, चक्राचा फेर दातेरी चाकांनी उभ्या दांड्याला मिळतो आणि तो दांडा मजल्यामजल्यावर साचे, म्हणजे सूत काढणारी यंत्रे, फिरवतो. अशा गिरणीची दुखणीही पाण्याचीच. उन्हाळ्यात नदी आटली की चक्र मंदावते, कडाक्याच्या थंडीत बर्फ अडतो आणि पूर आला की खालचे पाणी फुगून चक्राच्या पात्यांना मागे रेटते.

आता अशा घळीत माणसे कुठून आणायची? जमीन ओलसर, जवळपास मोठी वस्ती नाही. म्हणून घरे गिरणीमालकालाच बांधावी लागली. गाव वसवणे हा दानधर्म नव्हता, गिरणी चालवायची तर त्यावाचून इलाज नव्हता. १७९१ मध्ये स्काय बेटावरून उत्तर कॅरोलायनाला निघालेले एक जहाज वादळामुळे ग्रीनॉक बंदरात अडकले, तेव्हा डेलने त्यावरच्या बऱ्याच कुटुंबांना काम आणि घर देऊ केले. केथनेस रो ही घरांची ओळ अशाच हायलँडी, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्या, लोकांची आठवण आहे. तरीही हात कमी पडत होते. ती तूट मुलांनी भरून काढली.

“बालमजुरी बंद केली.” सर्वांत जास्त दिशाभूल करणारे विधान हेच. १७९३ मध्ये गिरण्यांत साधारण ११५० जण कामाला होते आणि त्यांतली जवळजवळ ८०० मुले होती. एडिंबरा आणि ग्लासगोच्या अनाथालयांतून आणलेली २७५ मुले तर चौथ्या गिरणीच्या इमारतीतच राहत, एका खाटेवर तिघे. त्यांना मजुरी नसे, अन्नवस्त्र आणि निवारा मिळे. सकाळी सहा ते संध्याकाळी सात काम, मध्ये जेवणाच्या सुट्ट्या आणि सातनंतर शाळा. त्या काळच्या इतर गिरण्यांच्या तुलनेत डेलकडचे जेवण, कपडे आणि स्वच्छता चांगली होती. त्याचे नाव घेताना तेही सांगायला हवे.

मुलेच का, याचे उत्तर यंत्रात आहे. आर्कराइटच्या साच्यात कापसाचा पेळू रुळांच्या जोड्यांमधून जातो. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे पेळू ओढला जाऊन बारीक होतो. मग चाती त्याला पीळ देते आणि सूत बॉबिनवर गुंडाळले जाते. पेळू कुठे विरळ असेल किंवा हवा कोरडी पडली असेल, तर पीळ बसण्याआधीच धागा तुटतो. तेव्हा यंत्र न थांबवता बॉबिनवरचे टोक शोधायचे, रुळांतून बाहेर येणाऱ्या तंतूंवर टेकवायचे आणि बोटांनी वळून सांधायचे. हे काम दिवसभर, एका मुलाकडे अनेक चात्या. भरलेली बॉबिने उतरवून रिकामी चढवणे आणि चालत्या साच्याखाली वाकून कापसाचे तूस झाडणे हीसुद्धा मुलांचीच कामे. तूस झाडले नाही तर ते वंगणात भिजून दिव्याच्या ठिणगीने पेटते. लाकडी तक्तपोशीच्या त्या इमारतींना याची सतत भीती होती. पहिली गिरणी ऑक्टोबर १७८८ मध्येच जळाली होती आणि पुन्हा बांधावी लागली. गिरणीचा व्यवस्थापक विल्यम केली याने १७९० च्या सुमारास म्यूल हा सूतकताईचा साचा पाण्यावर चालवून दाखवला. त्यामागचा एक उद्देश ते काम लहान मुलांकडून करून घेता यावे हाच होता.

ओवेनने काय केले? अनाथालयांतून नवी मुले घेणे बंद केले आणि कामाला लागण्याचे किमान वय दहा ठरवले. १८१६ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने स्वतःच हे सांगितले आहे. पाच-सहा वर्षांची मुले कामावरून हटली, ही फार मोठी गोष्ट होती. पण दहा वर्षांचे मूल गिरणीतच राहिले. त्याच्या खटपटीतून आलेला १८१९ चा कायदा तर नऊ वर्षांवर थांबला आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला स्वतंत्र निरीक्षकही नव्हते. ते १८३३ च्या कायद्याने आले.

“आठ तासांचा दिवस.” त्याच साक्षीत ओवेनने जेवणाची वेळ वगळून पावणेअकरा तास सांगितले आहेत. न्याहारीला अर्धा तास आणि जेवणाला पाऊण तास धरला की गिरणीतला दिवस बारा तासांचा होतो. सहा दिवसांचे निव्वळ काम झाले साडेचौसष्ट तास. आठ तासांची मागणी त्याने नंतर मांडली आणि १८३३ मध्ये त्यासाठी चळवळही केली, पण न्यू लॅनार्कच्या गिरण्यांत ती कधी लागू झाली नाही. श्रेय द्यायचेच तर वेगळ्या गोष्टीचे द्यावे. अमेरिकेने निर्यात रोखल्यावर कापूस महागला तेव्हा त्याने चार महिने साचे बंद ठेवले, पण सर्वांना पूर्ण पगार दिला. त्याला सुमारे ७,००० पौंड लागले. कामगारांचा त्याच्यावर विश्वास बसला तो तेव्हापासून.

शिस्त मात्र कडक होती. प्रत्येकाच्या जागी चार रंगांच्या बाजूंचा एक लाकडी ठोकळा टांगलेला असे. काळी बाजू म्हणजे आदल्या दिवसाचे काम वाईट, निळी म्हणजे बेताचे, पिवळी म्हणजे चांगले, पांढरी म्हणजे उत्तम. मार नाही, शिवी नाही, पण येणाजाणाऱ्या सगळ्यांना तो रंग दिसे आणि वहीत त्याची नोंद होई. आजारपणाच्या फंडासाठी पगाराचा साठावा हिस्साही कापला जाई.

“पहिले सहकारी दुकान.” ओवेनचे दुकान गिरणीचे होते, गिऱ्हाइकांचे नव्हते. माल घाऊक आणून स्वस्तात विकायचा आणि उरलेला नफा शाळेवर खर्चायचा, ही पद्धत चांगलीच होती. पण सभासद नाहीत, भाग नाहीत, मत नाही. सहकार म्हणजे मालकी आणि मत हे मानणाऱ्यांनी तरी याला सहकारी म्हणू नये. खुद्द स्कॉटलंडमध्येच फेनिक गावच्या विणकरांनी १७६१ मध्ये संघ काढून १७६९ मध्ये ओटचे पीठ घाऊक घेऊन वाटायला सुरुवात केली होती. सभासदांच्या मालकीच्या दुकानाचा नमुना सर्वत्र पोहोचला तो इंग्लंडमधल्या रॉचडेलला १८४४ मध्ये निघालेल्या सहकारी दुकानातून. ते काढणाऱ्यांवर ओवेनच्या विचारांचा प्रभाव होता, इतके म्हणणे पुरेसे आहे.

“मोफत शाळा.” महिन्याला तीन पेन्स फी होती. खर्चाच्या मानाने ती नाममात्र. पण शाळेचे खरे वैशिष्ट्य फी नव्हे. १ जानेवारी १८१६ ला उघडलेल्या त्या इमारतीत नुकती चालू लागलेली बाळेही घेतली जात आणि त्यांना पुस्तकांनी छळायचे नाही असा नियम होता. नाच, गाणे, चित्रे, नकाशे यांवर भर होता. त्यातला नाच पुढे धार्मिक वृत्तीच्या भागीदारांनी १८२४ मध्ये बंद पाडला.

“तो गेला आणि गिरणी बुडाली.” बुडाली ती अमेरिकेतली न्यू हार्मनी ही त्याची वसाहत, आणि तीही दोनच वर्षांत. मजकूर लिहिणाऱ्यांनी दोन गावांची गल्लत केली आहे. न्यू लॅनार्क १८२५ पासून वॉकर कुटुंबाने चालवले. १८८१ नंतर ते गूरॉक रोपवर्क कंपनीशी जोडलेल्या मालकांकडे गेले आणि सुताबरोबर जाळी आणि जाड कॅनव्हासही तिथे होऊ लागले. साचे थांबले ते १९६८ मध्ये, म्हणजे ओवेन गेल्यानंतर १४३ वर्षांनी.

खरी वाताहत त्यानंतरची. १९७० मध्ये गिरण्यांची जागा भंगारातून धातू काढणाऱ्या कंपनीकडे गेली आणि छपरे गळू लागली. १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या संवर्धन न्यासाने घरे दुरुस्त करायला घेतली, आणि १९८३ मध्ये सक्तीच्या संपादनाने गिरण्याही परत मिळवल्या गेल्या. २००१ मध्ये गाव जागतिक वारसा यादीत आले. पहिल्या गिरणीत आता हॉटेल आहे, जुन्या घरांमध्ये कुटुंबे राहतात आणि डेलने वळवलेल्या पाण्यावर तिसऱ्या गिरणीतले टर्बाइन अजून वीज तयार करते.