‘१४० मिमीचा एअर फोर्क टाका, काम फत्ते’: हा सल्ला कुठे कुठे चुकतो

कमी बजेटची माउंटन बाइक घेतली की हा सल्ला हमखास मिळतो: ‘मूळ फोर्क काढ, १४० मिमी ट्रॅव्हलचा एअर फोर्क टाक. स्टीयरर सगळीकडे सारखाच असतो, कुठलाही फोर्क बसतो. ट्रॅव्हल जास्त तेवढं चांगलं. तोवर प्रीलोडची नॉब फिरवून जुना फोर्क वजनाला जुळवून घे. बदलायला अर्धा तास पुरतो.’

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा दुपायी भाग; ट्रॅव्हल म्हणजे तो किती दबू शकतो ते; एअर फोर्कमध्ये धातूच्या स्प्रिंगऐवजी कोंडलेली हवा असते. फोर्क बदलल्याने फरक पडतो, एवढं खरं आहे. पण बाकीचं ऐकून खरेदी केली तर फोर्क फ्रेममध्ये शिरतच नाही, किंवा शिरतो आणि फ्रेमवर नको तेवढा ताण आणतो.

‘कुठलाही फोर्क बसतो.’ स्टीयरर म्हणजे फोर्कची फ्रेममधून वर जाणारी नळी. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) जिथे आवळतो तिथला व्यास बहुतेक फोर्कना २८.६ मिमी असतो. घोटाळा होतो तो यामुळेच. सरळ स्टीयरर खालपर्यंत तेवढाच राहतो. टेपर्ड स्टीयरर खाली दीड इंचापर्यंत रुंदावतो. हेडट्यूब (स्टीयरर ज्यात फिरतो ती फ्रेमची नळी) बारीक असून हेडसेटचे (तिच्यातल्या बेअरिंगच्या संचाचे) कप बाहेर आलेले दिसत असतील, तर ती बहुधा आतून ३४ मिमीची असते आणि तिच्यात टेपर्ड स्टीयरर जाणार नाही. ४४ मिमीच्या सरळ हेडट्यूबला खाली बाहेर येणारा कप लावून टेपर्ड फोर्क बसवता येतो, पण तो कप पुढचा भाग आणखी दहा-बारा मिमी उचलतो. जुन्या सायकलींत आटे असलेला स्टीयरर असतो; तिथे फोर्कबरोबर हेडसेट आणि स्टेमही बदलावे लागतात.

चाकाचंही पाहा. साध्या क्विक रिलीजच्या (लिव्हरने झटकन सुटणाऱ्या) ९ मिमी हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) १५ मिमी थ्रू-अ‍ॅक्सलचा (आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचा) फोर्क चालत नाही, हबचे एंड कॅप बदलता येत असतील तरच जमतं. बूस्ट फोर्कमध्ये हबसाठीची रुंदी १०० ऐवजी ११० मिमी असते. व्ही-ब्रेक (चाकाच्या रिमवर दाबणारा) असेल तर जपून: आजच्या बहुतेक एअर फोर्कवर त्याचे खुंटे नसतात. डिस्क असेल तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) फोर्कच्या कोणत्या माउंटवर (बसण्याच्या जागेवर) बसतो ते बघा. १८० मिमी पोस्ट माउंटच्या फोर्कवर १६० मिमीची रोटर (ब्रेकची चकती) बसवण्याचा मार्ग नाही.

‘ट्रॅव्हल जास्त तेवढं चांगलं.’ सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. फोर्कची उंची, म्हणजे अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतचं (दोन पाय जोडणाऱ्या वरच्या भागापर्यंतचं) अंतर, २० मिमीने वाढली की हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) साधारण एक अंशाने कलतो. १०० चा फोर्क काढून १४० चा लावला तर जवळपास दोन अंश, आणि सीट ट्यूबही तेवढीच मागे झुकते. पेडलचा अक्ष साधारण दीड सेंटीमीटर वर येतो, हँडल त्याहून जास्त. चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं, वळणावर सायकल उंच वाटते. यापेक्षा गंभीर बाब फ्रेमची: लांब फोर्क म्हणजे हेडट्यूबवर लांब तरफ. ८० ते १०० मिमीसाठी बनवलेल्या फ्रेमचा डाउनट्यूबचा (हेडट्यूबपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीचा) जोड या जादा ताणासाठी बनवलेलाच नसतो. तिथल्या वेल्डखाली रंगात केसाएवढी आडवी रेघ दिसली, तर ती फ्रेम चालवणं थांबवा.

फ्रेम बनवणाऱ्याने कमाल ट्रॅव्हल दिला असेल तर तोच पाळा. दिला नसेल तर जुन्या फोर्कची उंची वजन न टाकता मोजा आणि नवा तेवढ्याच उंचीचा घ्या. फार तर २० मिमी जास्त. नुसता ट्रॅव्हलचा आकडा पुरत नाही, कारण १०० मिमीच्या दोन फोर्कची उंचीही वेगळी असू शकते.

‘एअर म्हणजे आपोआप चांगला.’ हवा ही फक्त स्प्रिंग आहे. खरा फायदा डॅम्पिंगचा: दगडावर आदळल्यावर फोर्क किती वेगाने परत उसळतो यावर पुढच्या चाकाची पकड ठरते. निवडताना रिबाउंडची (परत उसळण्याचा वेग ठरवणारी) नॉब एका टोकाला न्या, हँडल जोरात दाबून सोडा. मग दुसऱ्या टोकाला नेऊन तेच करा. परत येण्याचा वेग स्पष्ट बदलला पाहिजे. बदलला नाही तर आत कामाचं ऑइल डॅम्पर नाही, आणि तो फोर्क घेण्यात अर्थ नाही. १०० मिमीचा डॅम्परवाला फोर्क १४० मिमीच्या बिनडॅम्परपेक्षा केव्हाही सरस.

‘प्रीलोड फिरवून वजनाला जुळतो.’ प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त ती दबायला कुठल्या जोरापासून सुरुवात होते ते बदलतं. म्हणून वजनदार चालकाने नॉब पूर्ण आवळली तरी मोठ्या खड्ड्यात फोर्क तळाला आपटतो, आणि हलक्या चालकाचा निम्मा ट्रॅव्हल वापरातच येत नाही. कॉइलमध्ये (धातूच्या स्प्रिंगच्या फोर्कमध्ये) उपाय स्प्रिंग बदलण्याचा. ती त्या फोर्कसाठी मिळते का, ते आधी विचारा. एअर फोर्कमध्ये शॉक पंपाने दाब बदलायचा. सायकलवर नेहमीच्या सामानासह उभं राहिल्यावर ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के सॅग (वजनाने फोर्क दबणं) हवा, म्हणजे १०० मिमीला २० ते २५ मिमी. तो मोजायला स्टॅन्शनवर (फोर्कच्या वरच्या, आत सरकणाऱ्या नळीवर) रबरी रिंग नसेल तर झिप टाय बांधा.

‘अर्धा तास.’ सराईत हाताला कदाचित. पण स्टीयरर एकदा कापला की परत वाढत नाही, त्यामुळे इथे सावकाश जा. हेडट्यूब, हेडसेटचे दिसणारे भाग, स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) आणि स्टेम यांची उंची मिळवा आणि ३ मिमी वजा करा: १२० + २५ + २० + ४० = २०५, कापायचं २०२ वर. शंका असेल तर एक जादा स्पेसर धरून लांब कापा. वापरलेला फोर्क घेताना हीच लांबी सगळ्यात आधी विचारा. क्राउन रेस (क्राउनवर बसणारी बेअरिंगची कडी) तिरकी बसली तर काही दिवसांत हेडसेट खुळखुळतो, म्हणून ती सगळीकडून क्राउनला टेकलेली हवी. स्टार नट (स्टीयररच्या आत ठोकायचा, टॉप कॅपचा बोल्ट धरणारा नट) कापलेल्या टोकापासून साधारण १५ मिमी आत, सरळ. आधी टॉप कॅप (वरची टोपी) आवळा, फक्त खेळ (ढिलेपणा) जाईपर्यंत. मग स्टेमचे बोल्ट, त्यावर लिहिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने). उलट क्रमाने केलं तर टॉप कॅप कितीही आवळली तरी खेळ जात नाही. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा आणि खालच्या कपावर बोट ठेवा. हालचाल जाणवली तर स्टेम सैल करून पुन्हा.

तुमच्या फ्रेमला यातलं काहीच जुळत नसेल तर जुनाच फोर्क खोला. कॅलिपर आणि पुढचं चाक काढा, पायांच्या तळाचे बोल्ट सोडवा, खालचे पाय खेचून काढा. स्टॅन्शन आणि बुशिंगवरचं (स्टॅन्शन ज्यातून सरकतं त्या आतल्या कड्यांवरचं) सुकलेलं, काळं पडलेलं ग्रीस पूर्ण पुसा. मग बुशिंगवर आणि सीलच्या आतल्या कडेला सस्पेन्शनचं ग्रीस लावा. बहुतेक स्वस्त फोर्क अडखळतात ते याच ग्रीसअभावी. टायरमध्ये ४५-५० पीएसआय हवा असेल तर ३० च्या आसपास आणून बघा, पण टायरच्या कडेवर लिहिलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नका.