"निव्वळ वेळकाढूपणा" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू आम्ही दोघा बहीण-भावांनी काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला. ४१ तास देऊनही आमचा टॅक्टिकल गेम, म्हणजे पटावर आपली माणसं हलवत लढाया लढण्याचा खेळ, तुमच्या पसंतीला उतरला नाही, याबद्दल मनापासून माफी मागते. नवव्या लढाईत तुमची वैद्यीण मेली आणि तिची गोष्ट अर्ध्यावरच तुटली, त्याचं तुम्हाला वाईट वाटलं. ते वाटणं रास्त आहे. त्यात आमची एक चूकही आहे, ती पुढे सांगते.

आधी एका वाक्याबद्दल बोलू द्या, कारण ते डोक्यातून जात नाही. तुम्ही लिहिलंय, "४१ पैकी १९ तास छावणीत कॅरेक्टरांच्या गप्पा ऐकण्यात गेले. निव्वळ वेळकाढूपणा. लढाया कमी पडल्या म्हणून गप्पा भरल्या आहेत."

गेममध्ये दहा कॅरेक्टर आहेत. त्यांच्यातल्या चोवीस जोड्यांची नाती वाढू शकतात. प्रत्येक नात्याच्या तीन पायऱ्या, म्हणजे एकूण ७२ संवाद. सगळ्यात लांब संवाद चार मिनिटांचा आहे, बाकीचे सरासरी अडीच मिनिटांचे. सगळेच्या सगळे ऐकायचे म्हटले तरी तीन तास होतात, आणि एका खेळात सगळे उघडतही नाहीत. तुम्ही रिव्ह्यूसोबत लावलेल्या स्क्रीनशॉटवर "पाहिलेले संवाद: ११" असं स्पष्ट दिसतं. ते अकराही सगळ्यात लांब होते असं धरलं तरी ४४ मिनिटं. मग १९ तास आले कुठून?

दोन लढायांच्या मधली जागा म्हणजे छावणी. तिथे गेलेला वेळ मोजणारं आमचं घड्याळ थांबत नाही, हे खरं आहे. गेम उघडा ठेवून कुणी उठून गेलं तरी ते मिनिटं मोजत राहतं. ते थांबायला हवं होतं, आणि ही आमची चूक मला मान्य आहे. पण छावणीत माणूस फक्त गप्पा ऐकत नाही. कुणाला कुठलं स्किल शिकवायचं, कुणाच्या हाती कुठलं शस्त्र द्यायचं, कुणाला कुणाशेजारी उभं करायचं, हे सगळं तिथेच ठरतं. मला स्वतःला अशा गेममध्ये सगळ्यात जास्त रमायला होतं ते याच जागी. लढाई संपलेली असते, पुढची सुरू व्हायची असते, आणि आपण आपली माणसं घडवत बसलेलो असतो. त्याला वेळकाढूपणा म्हटलेलं लागलं.

संवाद माझा धाकटा भाऊ लिहितो. प्रोग्रॅमिंग आणि बाकीचा व्यवहार माझ्याकडे. तिसरं कुणी नाही. काल रात्रीपासून तो ती फाईल उघडून काय काय कापता येईल ते बघतोय, आणि मला ते बघवत नाही.

गप्पा भरण्यासाठी घातल्या, हे का खरं नाही तेही सांगते. टॅक्टिकल गेममध्ये नात्यांना जागा काही आम्ही पहिल्यांदा दिलेली नाही. 'फायर एम्ब्लेम' या जपानी गेम-मालिकेचा पहिला भाग १९९० मध्ये आला तेव्हाच त्यात मेलेलं कॅरेक्टर परत येत नसे, आणि पटावरची सोंगटी माणूस वाटायला लागली ती तिथून. १९९६ च्या भागात जोड्या जमू लागल्या आणि त्यांच्या मुलांमध्ये आईबापांचे गुण उतरू लागले. २००२ च्या भागात सी, बी, ए अशा चढत्या पायऱ्यांचे संवाद आले. दोघांना बऱ्याच टर्न (पाळ्या) शेजारीशेजारी ठेवलं की ते उघडत, आणि नातं जमलेली माणसं जवळ असली की त्यांचा नेम सुधारे, वार चुकवणंही सोपं जाई. त्यात एका कॅरेक्टरला एका खेळात पाचच संवाद मिळत, म्हणून कुणाला कुणाजवळ ठेवायचं याचा विचार करावाच लागे. आम्ही दोघं हे खेळतच वाढलो. लढाईतली जागा आणि मनातली जागा एकाच चालीने ठरते, ही यातली गंमत आम्हाला आमच्या गेममध्ये हवी होती.

बिल्डचंही, म्हणजे कुठली स्किल्स जोडून कॅरेक्टर घडवायचं त्याचंही, तसंच. १९९७ च्या 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स'मध्ये एका जॉबमध्ये, म्हणजे कॅरेक्टरच्या एका पेशात, शिकलेलं कसब दुसऱ्या जॉबमध्ये नेता येतं. आम्ही ती कल्पना घेऊन नात्याला जोडली. आमच्याकडे दुसऱ्या पायरीवर पोहोचलेली दोन माणसं एकमेकांकडून एक स्किल शिकतात. तुमची तिरंदाज ढालकऱ्याकडून पाय रोवून उभं राहायला शिकली असती, तर धक्का बसूनही तिची जागा हलली नसती. सातव्या लढाईतला पूल "अन्यायकारक" आहे असं तुम्ही म्हणता, तो बराच सोपा झाला असता.

आता जे लिहिते ते कृपया राग न मानता वाचा. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये सेनापती १९ व्या लेव्हलवर आहे आणि बाकी सगळे सहाव्या-सातव्या. म्हणजे जवळजवळ प्रत्येक शत्रू सेनापतीनेच मारला. असंही खेळता येतं, गेम अडवत नाही, आणि पैसे तुम्ही दिलेत तेव्हा कसं खेळायचं ते तुम्हीच ठरवणार. पण मग बाकीचे नऊजण पटाच्या कडेला उभे राहतात. ते शेजारीशेजारी लढत नाहीत, त्यांची नाती वाढत नाहीत, आणि "कॅरेक्टर सगळी एकसारखी वाटतात" असं वाटू लागतं. सहाव्या लेव्हलपर्यंत ती बऱ्यापैकी एकसारखीच असतात. त्यांचे स्वभाव लढाईत दिसायला लागतात ते नवव्या-दहाव्या लेव्हलनंतर.

वैद्यिणीबद्दल. ढालकरी आणि ती तिसऱ्या पायरीवर पोहोचले, की तो लढाईत एकदा, कुणी सांगितलेलं नसताना, तिच्यावरचा वार स्वतःवर घेतो. त्यासाठी तो दोन घरांच्या आत असावा लागतो. तुम्ही लिहिलंय की ती मेली तेव्हा तो "दोन घरांवर नुसता बघत उभा होता". तो बघत उभा होता, कारण त्यांचं नातं पहिल्याच पायरीवर होतं. हे वाक्य वाचून माझा भाऊ बराच वेळ गप्प होता. तिसरी पायरी लिहायला त्याला सगळ्यात जास्त दिवस लागले होते, आणि तुम्हाला ती दिसलीच नाही.

पण ती दिसावी अशी सोय आम्ही केली नव्हती, हेही खरं. तिसऱ्या पायरीवर काय मिळतं ते आधी कुठेच लिहिलेलं नाही. आम्हाला वाटलं, ते अचानक घडलं तर जास्त भिडेल. तुमच्यासारख्या खेळाडूला मग तिथवर जायचं कारणच उरत नाही. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. वैद्यीण गेल्यावर ढालकरी एक शब्दही बोलत नाही. तो प्रसंग लिहिलेला आहे, पण माझ्या कोडमधल्या एका अटीमुळे तो पहिल्या पायरीवर उघडत नव्हता. तुमच्यामुळे तो दोष सापडला. त्याबद्दल आभार, आणि पुन्हा एकदा माफी.

मेलेली माणसं परत यावीत असा पर्याय खेळ सुरू करताना दिलेला आहे. 'फायर एम्ब्लेम'मध्येही २०१० पासून तशी सोय आहे, आणि ती वापरण्यात काहीही कमीपणा नाही. तुम्ही कठीण पर्याय निवडला होता. मध्येच तो बदलता यावा का, यावर विचार करतो आहोत.

पुढच्या अपडेटमध्ये छावणीचं घड्याळ थांबेल, ढालकऱ्याचा तो प्रसंग दिसेल, आणि पायऱ्यांची माहिती कुठेतरी नीट देऊ. जमल्यास लेव्हलचा समतोलही बघू. तारीख आत्ता सांगत नाही, दोघंच आहोत.

एवढं लांबलचक का लिहिते, तेही सांगते. स्टीमवर, म्हणजे आमचा गेम जिथे विकला जातो त्या ऑनलाइन दुकानात, दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला शेराच मिळत नाही. आमचे अकरा झाले होते, त्यातले आठ चांगले, आणि ७० टक्क्यांच्या वर असल्यामुळे गेमखाली बऱ्यापैकी चांगला शेरा होता. तुमचा बारावा आला आणि आम्ही ६७ वर उतरलो, शेरा "संमिश्र" झाला. तो बघून लोक पुढे निघून जातात. रिव्ह्यू बदला असं मी म्हणत नाही. तुमचा अनुभव तुमचा आहे, आणि घड्याळाबद्दल, त्या प्रसंगाबद्दल तुम्ही बरोबर आहात. फक्त १९ तासांचं ते वाक्य एकदा तपासून बघा.

आणि आठव्या लढाईच्या आधीचा सेव्ह अजून असेल तर तो उघडून बघा. पुढच्या दोन लढायांत सेनापतीला थोडं मागे ठेवा आणि त्या दोघांना शेजारी उभं करा. नवव्या लढाईपर्यंत तिसरी पायरी गाठणं होणार नाही, दुसरी नक्की होईल. त्या संवादात ती त्याला विचारते की तो नेहमी डाव्या बाजूलाच का झोपतो. उत्तर मी इथे सांगत नाही. सव्वादोन मिनिटांचा आहे.