अगोदर फोन करून याचं ना भाऊ!

केला होता ना बाप्पा दवाखान्यात फोन! आदल्या दिवशी सायंकाळीच केला होता. बाबाचं नाव सांगतलं, वय सांगतलं, शुगर हाय, दमा हाय सांगतलं, फ्लूची लस शिल्लक हाय का म्हणून दोनदा विचारलं, तं तिकडून "हो हो, या सकाळी" म्हणून कट. म्हणून इकडं नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, पेटलेला, बियाण्याच्या लाईनीत लहान भावाले उभं केलं अन् म्हाताऱ्याले दुपट्टा गुंडाळून गाडीवर मागं बसवून तालुक्याले नेलं. अन् तिथं काउंटरवरची पोरगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणते, "लस संपली. अगोदर फोन करून याचं ना भाऊ."

आता हे तिनं आल्या आल्या सांगतलं असतं तं मी एक शब्द बोललो नसतो. पण नाई. अगोदर चपला बाहेर काढा. 44 डिग्रीत, सिमेंटच्या पायरीवर, शुगरच्या पेशंटले अनवाणी! मग केसपेपर, त्याचे पैसे. मग वजन. मग बीपी. मग बोट टोचून शुगर, त्याचे वेगळे पैसे. सुट्टे नाई म्हणून उरलेल्या पैशाच्या दोन चॉकलेटी हातावर ठेवल्या, शुगरच्या पेशंटच्या! मग टोकन घेऊन बाकड्यावर बसा. अन् केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहून हाय, फ्लू लस. दुपार झाली तवा कळलं का लसच नाई. मी म्हटलं, बाई, काल तुमच्याच नंबरवर बोललो. "माझ्याशी नाई, मी काल सुट्टीवर होती." मग कोण होतं? "काय माहीत, इथं कोणीबी उचलते." कोणीबी! दवाखान्याचा फोन हाय का गावातला हातपंप, जो येईन तो दांडी हलवून जाईन?

बरं ही लस काही मी हौसेनं मागून नाई राह्यलो. ह्याच दवाखान्याच्या डॉक्टरनं लिहून देल्ली. दर्शनी भिंतीवर फ्लेक्स पण ह्यायचाच, "पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घ्या", त्यावर हसणारे आजी-आजोबा. टोचल्यावर अंगात लागू व्हायले दोनेक आठवडे लागते, तवर पाऊस काय आमच्यासाठी थांबते?

मग आतून एक कंपाउंडर आला. त्यानं केसपेपर पाह्यला अन् म्हणे, "मागच्या वर्षी घेतली होती ना, मग आता काऊन?" घ्या. अरे दादा, दरवर्षी विषाणू बदलते म्हणून दरवर्षी लस बदलते, डब्ल्यूएचओवाले, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, त्याच्यासाठी वर्षातून दोनदा बसते, फेब्रुवारीत अन् सप्टेंबरात, हे मले सोयाबीनवाल्याले माहीत हाय अन् तू दवाखान्यात नोकरी करते! बाजूच्या बाकड्यावरचे एक काका लगेच सुरू, "घेऊच नका, त्या इंजेक्शननंच सर्दी होते." अहो त्यात मेलेला विषाणू असते, मेलेला कसा काय सर्दी करीन? पण काकाले कोण सांगते, काकाचा साळा गेल्या साली लस घेऊन आला अन् तिसऱ्या दिवशी शिंकला, संपलं.

तं कंपाउंडर म्हणे, समोरच्या मेडिकलमधून आणा, टोचून देतो. गेलो. दीड हजाराच्या वर मोजले. आता ही वस्तू 2 ते 8 डिग्रीत ठेवा लागते, गरम झाली तरी गेली अन् गोठली तरी गेली, डब्यावरच छापून असते. अन् मेडिकलवाल्यानं ती देल्ली कशात? कॅरीबॅगमध्ये. मी म्हटलं, बर्फाचं काहीतरी द्या. तं त्यानं बाजूच्या दुकानातून पोट्टे चोखते ती दोन रुपयाची पेप्सी आणून त्यात टाकली. ऑरेंज. डब्याले चिकटवून. झाली कोल्ड चेन.

ते घेऊन पळत रस्ता ओलांडला, पुन्हा चपला काढल्या, तं आता कंपाउंडर गेला जेवायले अन् दुसरी सिस्टर म्हणे, "बाहेरून आणलेली लस आमी टोचत नाई, सरायचा नियम हाय."

तिथं माह्या डोक्याचा फ्यूज उडाला. मले एकतर दवाखान्याचा वास सहन होत नाई, त्यात हे "सर" नावाचे प्राणी नेहमी आतमध्येच असते, कवाच बाहेर येत नाई. लय बोंबललो. फोनवरून सुरू केलं अन् कुठच्या कुठं गेलो. 2021 मध्ये कोरोनाच्या लसीसाठी कोविनवर, त्या सरकारी नोंदणीच्या साईटवर, बोट ठेवून बसलो होतो अन् गावातल्या केंद्राचे स्लॉट शहरातल्या लोकायनं पटापट मारले, कार घेऊन येऊन टोचून गेले, ते काढलं. त्याच साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी 12 लेकरायले सॅनिटायझर पाजलं होतं, ते काढलं. मग लाईन जाते ते, पीक विम्याचं, बँकेची केवायसी... सिस्टर गरीब बिचारी ऐकून राह्यली. शेवटी शाळेतला एक दोस्त रांगेतून उठला अन् म्हणे, भाऊ, तुहं बीपी पाहून घे. पाह्यलं. 170 वर 100. काउंटरवरची पोरगी लगेच म्हणते, "यायचा पण केसपेपर काढू का?"

काढला बाप्पा. काय करता.

गावच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर चांगली हाय, तिचा राग नाई. गरोदर बायायले, शुगर-बीपीवाल्यायले राज्य सरकार स्वाईन फ्लूची लस फुकट देते, म्हणून तिले अगोदरच विचारून पाह्यलं होतं. ती म्हणे, आली का कळवते. राष्ट्रीय लसीकरणाच्या यादीत फ्लू नाईच, तं नेहमीच्या लसींसोबत ती येईन कुठून?

अन् इकडं गोठ्यात पाहा. लाळ्या-खुरकूतची लस द्यायले पशुधनवाले घरी येते. घरी! फुकट! कानाले 12 आकडी बिल्ला मारते, मोबाईलमध्ये नोंद करते. 2022 मध्ये लम्पी आला तवा बैलायले रांगेत उभं करून टोचून गेले, एकाही बैलाले कोणी म्हटलं नाई का अगोदर फोन करून याचं. मी हे घरी येऊन सांगतलं तं बाबा खाटेवरून म्हणे, "मंग मलेबी एक बिल्ला मारून घे ना कानाले, ढवळ्याच्या बाजूले बांध."

लस? मेडिकलवाला म्हणे वापस नाई, फ्रीजचा माल तं अजिबात नाई. नियम बरोबर हाय, नाईतं ती पेप्सीत शिजलेली लस उद्या कोणाच्या तरी बापाले टोचली असती. पण दीड हजार माहे गेले ना! बायकोनं पेप्सी फ्रीजरमध्ये टाकली होती, ती पोराले देल्ली.

आता सोमवारी जिल्ह्याले नेतो, तिथं लस हाय म्हणते. कोण म्हणते, तं फोनवर कोणीतरी. बाबाचं पंच्याहत्तरीच्या वर म्हणून एसटीत तिकीट माफ, माहं पुरं. गाडी सात वाजताची हाय, येते का नाई ते ड्रायव्हरलेच माहीत.